पोत्यातला पाला आणि कलम २५: पेडण्यातील एका भाड्याच्या घराचं प्रकरण

घर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं, किनाऱ्यापासून थोडं आत. पुढचा भाग चिऱ्यांचा, जुना. मागे मुलाने आखातातून पैसे पाठवून बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, त्यांना वेगळा जिना आणि वेगळा मीटर. मालक निवृत्त शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, इथेही तेच म्हणू. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील मुद्दाम धूसर ठेवले आहेत. कायद्याचा, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचा, भाग मात्र जसा आहे तसाच.

मागच्या खोल्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर दोन तरुणांना दिल्या होत्या. ऑनलाइन काम करतो म्हणाले. भाड्यात घासाघीस केली नाही, तीन महिन्यांचं डिपॉझिट एकरकमी दिलं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे जमा. किनारपट्टीत भाडेकरूंचे नखरे सहन केलेल्या माणसाला असा भाडेकरू म्हणजे देवच पावला. आधार कार्डांच्या प्रती घेतल्या, करार नोटरी झाला. पोलिस ठाण्यात द्यायचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरून एजंटकडे दिला होता. तो पुढे ठाण्यात गेलाच नाही, हे नंतर कळलं. भाडेकरू परदेशी असता तर त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते हे पेडण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देशी भाडेकरूच्या बाबतीत मात्र सगळा कारभार 'एजंट बघेल' यावर चालतो.

पावसाळा सुरू झाल्यावर काही गोष्टी नजरेत भरायला लागल्या. मागच्या एका खोलीच्या खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक. एसी रात्रंदिवस चालू. भिंतीतून काढलेल्या एका नळीतून पाणी टपकत राहायचं. एसीची नळी वेगळीच होती, ही दुसरी. हवेतला ओलावा शोषणाऱ्या यंत्राची ती नळी होती, हे पुढे पंचनाम्यात आलं. वीज खात्याचं बिल आधीच्या भाडेकरूंच्या कितीतरी पट, पण ते भाडेकरूच भरत होते. त्यामुळे गुरुजींनी फक्त एकदा विचारलं. "सर्व्हर आहेत आमचे, गरम होतात," असं उत्तर मिळालं. गुरुजींना ते पटलं. सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाला ते पटणारच.

घरात कामाला येणारी बाई परसातला कचराही बघायची. चवथीच्या आधी साफसफाई चालली होती तेव्हा जिन्याखाली तिला एक पोतं दिसलं, पाल्याने गच्च भरलेलं. भाडेकरूंना विचारलं तर म्हणाले, झाडांची छाटणी केली, टाकून द्या. तिने ते उचलून माडाच्या आळ्यात पसरलं. ओला पाला आळ्यात घालायचा ही कोकणातली रीतच, त्यात वावगं काही नाही. पंधरा-वीस दिवसांनी दुसरं पोतं आलं. तेही आळ्यात जायचं, पण त्या दिवशी गुरुजींचा भाचा घरी होता. त्याने दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आहे आणि सध्या तो एका पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची बघतो.

त्याने पोतं पडवीत ओतलं.

वर मोठी पानं होती, हाताच्या पंजाएवढी. एका देठावर पाच ते सात पाती, प्रत्येक पातीची कड करवतीसारखी. देठ खोडालगत कात्रीने सफाईने कापलेले, हाताने ओरबाडलेला एकही नाही. बरीच पानं पिवळसर, काहींवर भुरीचा पांढरा थर. खाली बारीक, लांबट, अशक्त फांद्या. अंधारात उजेड शोधत वाढलेल्या असतात तशा: पेरांमधलं अंतर जास्त, खोड लिबलिबीत. आणि त्या फांद्यांपैकी काहींच्या टोकाला नखाएवढे हिरवे गुच्छ, त्यांतून बाहेर आलेले पांढरे बारीक केस, हाताला चिकट. वास सगळ्या पडवीत पसरला. भाचा म्हणाला, "मामा, हा गांजा आहे."

लगेच त्याने स्वतःच ते वाक्य दुरुस्त केलं, आणि इथूनच या प्रकरणातला खरा गुंता सुरू होतो. "म्हणजे झाड गांजाचं आहे. पण नुसती पानं म्हणजे गांजा नव्हे, असं कायद्यात आहे म्हणतात."

म्हणतात ते खरंच आहे. अमली पदार्थ आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम २ मध्ये गांजाची व्याख्या आहे. गांजा म्हणजे कॅनाबिसच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. बिया आणि पानं, ती शेंड्यांसोबत नसतील तर, त्यातून वगळलेली आहेत. हे शब्द आपल्या संसदेने हवेतून आणलेले नाहीत. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सिंगल कन्व्हेन्शनमध्ये हीच वगळणूक आहे आणि आपला कायदा तिथूनच चालत आला. उत्तरेत काही राज्यांत होळीला सरकारमान्य दुकानातून भांग मिळते, ती याच फटीतून.

भाच्याची दुसरी माहितीही उपयोगी होती: पाला पोत्यात का येतो आणि पुन्हा पुन्हा का येतो. बंदिस्त खोलीत दिवे वरून लावलेले असतात. झाडाच्या माथ्यावर भरपूर उजेड पडतो आणि खाली जाता जाता तो झपाट्याने कमी होतो. खालची पानं सावलीत पडतात. तिथे जे तयार होतं त्यापेक्षा जास्त ती स्वतःच खातात, मग पिवळी पडून गळतात. खालच्या फांद्यांवर फुलोरा आला तरी पोकळ आणि बारीक. म्हणून वाढवणारे खालचा भाग उघडा करतात, झाडाची ताकद वर जावी म्हणून. दुसरं कारण ओलावा, आणि आपल्याकडे तेच मोठं. पावसाळ्यात इथे चपलाही कपाटात बुरशी धरतात; दाट पानांच्या बंद खोलीत भुरी आणि करडी बुरशी येणारच, आणि करडी बुरशी फुलोऱ्यात शिरली की आतून सगळं सडतं. हवा खेळावी म्हणून पानं काढतात. पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरचीची खालची पानं आणि जास्तीच्या फांद्या काढतात, टोमॅटोचा पहिला घोस तयार झाला की त्याखालची पानं उतरवतात, त्यामागचं शास्त्र हेच. भाच्याचं मत असं की त्या दोघांनी हात जरा जास्तच चालवला होता. पोत्यातली निम्मी पानं हिरवीगार होती, आणि हिरवं पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ते उगाच तोडलं की झाड आठवडाभर मागे पडतं. धंदा नवा असावा, असं त्याचं निदान.

वकील म्हणून मला ही बागायती माहिती वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. कलम २० मध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत. एक, कॅनाबिसच्या झाडाची लागवड. दोन, गांजा किंवा चरस बाळगणं, तयार करणं, विकणं वगैरे. दुसऱ्यात वजन पाहतात: गांजा १ किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण, २० किलोपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण, आणि शिक्षा त्यानुसार बदलते. लागवडीत वजनाचा प्रश्नच नाही. झाड एक असो वा शंभर, दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. आणि लागवडीच्या कलमात 'गांजा' हा शब्दच नाही, 'कॅनाबिसचं झाड' आहे. त्या वंशाचं कुठलंही झाड. फुलोरा आलेला असो की नसो.

म्हणजे 'पानं म्हणजे गांजा नव्हे' हे वाक्य खरं असूनही गुरुजींच्या उपयोगाचं नव्हतं. पोत्यात फक्त पानं असती तरी ती पानं कुठल्या तरी झाडाची, आणि ते झाड गुरुजींच्या स्लॅबखाली उभं. त्यात इथे पानांसोबत खालच्या फांद्या होत्या आणि त्यांच्या टोकाला ते नखाएवढे गुच्छ. वाढवणाऱ्याच्या लेखी तो कचरा: पोकळ, वजन नसलेला, फेकून देण्याजोगा. कायद्याच्या लेखी तोही फुलोऱ्याचा शेंडाच. व्याख्येत गुच्छ भरदार हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. पानं 'शेंड्यांसोबत' आहेत का, हा प्रश्न मग त्या पोत्यापुरता तरी अवघड होतो. किती अवघड, ते पानं, दांडे आणि शेंडे वेगळे करून तोलले होते का यावर कोर्टात ठरतं. झाडं मुळासकट, दांड्यासकट तोलून गांजाचं वजन म्हणून लिहिल्याच्या तक्रारींवर बचाव पक्षाचे वकील वर्षानुवर्षं खटले लढवत आले आहेत.

छाटणीचा आणखी एक अर्थ निघतो. लागवडीच्या खटल्यात नेहमीचा बचाव म्हणजे 'आपोआप उगवलं'. तो बचाव पोकळ नाही. उत्तर प्रदेशातल्या अलख राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं ते याच मुद्द्याच्या आसपास: जमिनीवर झाडं सापडली एवढ्याने आरोपीने ती लावली हे सिद्ध होत नाही, बी मातीत पडून झाड उगवूही शकतं. हिमालयाच्या पायथ्याशी तर ते रस्त्याकडेला तणासारखं उगवतं. पण खोडालगत कात्रीने कापलेले देठ, खालच्या एक तृतीयांश भागातल्या सगळ्या फांद्या उतरवलेल्या, आणि हे दर पंधरवड्याला? तिथे माणसाचा हात आहे. ते पोतं म्हणजे लागवडीचा पुरावा होता, गांजा म्हणून त्याचं वजन काहीही भरो.

आता गुरुजींकडे वळू. त्या संध्याकाळी घरात तीन मतं होती.

गुरुजींच्या पत्नीचं मत: दोघांना उद्या सकाळी बाहेर काढा, झाडं उपटून विहिरीमागे जाळा, डिपॉझिट परत करा, विषय संपला. गावातली अब्रू हा त्यांचा मुद्दा, आणि तो हलका नव्हता. घरात लग्नाची मुलगी होती.

शेजारच्या वॉर्डाचा पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, गुरुजींचा जुना विद्यार्थी. त्याला घरी बोलावलं. तो पोतं बघून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही काही बघितलंच नाही असं धरा. करार संपायला तीन महिने आहेत. संपला की नूतनीकरण करू नका. पोलिसांत गेलात तर तुम्हीच फेऱ्या माराल."

भाचा म्हणाला, आत्ताच्या आत्ता कळवा.

गुरुजींनी रात्री मला फोन केला. मी म्हापशाला वकिली करतो, त्यांचा तो भाडेकरार माझ्याच ऑफिसातून गेला होता. त्यांचा प्रश्न एकच होता: "मला काही होईल का?"

उत्तर कलम २५ मध्ये आहे. घराचा मालक, किंवा ज्याच्या ताब्यात घर आहे तो, आपल्या जागेत या कायद्याखालचा गुन्हा जाणूनबुजून होऊ देत असेल, तर त्या गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्यालाही. अर्धी नाही, सहाय्यकाची नाही, तीच. सगळा भार 'जाणूनबुजून' या शब्दावर. दुपारपर्यंत गुरुजींना काही माहीत नव्हतं. एसी चालतो, बिल जास्त येतं, खिडकीला काळं प्लास्टिक आहे, एवढ्यावरून माणसाला गांजाची लागवड कळते असं कोणी म्हणणार नाही. पण पडवीत पोतं ओतलं गेलं, भाच्याने ओळख पटवली, पंचाने पाहिलं. त्यानंतर 'माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरली नाही. आणि कलम ३५ चं गृहीतकही विसरून चालत नाही: आरोपीची दोषी मनःस्थिती न्यायालय गृहीत धरतं, ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पंचाच्या सल्ल्याप्रमाणे तीन महिने गप्प बसणं म्हणजे तीन महिने कलम २५ च्या कचाट्यात राहणं.

त्यात कलम ४६ आहे. आपल्या जमिनीत बेकायदा कॅनाबिस लावलेलं असेल तर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा कायद्यात नेमलेल्या अधिकाऱ्यांना कळवलं पाहिजे. जाणूनबुजून टाळलं तर तोही गुन्हा. खोलीतल्या कुंड्यांना 'जमीन' म्हणायचं का, यावर वकील तासभर बोलू शकतात. मीही बोललो असतो, पण अशिलाला तसल्या युक्तिवादावर झोपायला सांगणं मला मान्य नाही.

आणि कलम ४७, ज्याचा त्या पंचाला पत्ताच नव्हता. बेकायदा लागवड कळली की सरकारी अधिकारी, सरपंच, पंच आणि गावचा कुठलाही अधिकारी यांनी लगेच माहिती देणं बंधनकारक आहे. म्हणजे गुरुजींना गप्प राहायला सांगणारा माणूस स्वतः गप्प राहिला तर तोही शिक्षेस पात्र. या कलमांत शिक्षेचा आकडा दिलेला नाही, म्हणून कलम ३२ लागू होतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मी पंचाला त्याच रात्री फोन लावून हे वाचून दाखवलं. तो जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "वकीलसाहेब, मी येतो त्यांच्यासोबत ठाण्यावर." माझ्या मते या सगळ्या प्रकरणात बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक सल्ला तो होता.

राहिलं गुरुजींच्या पत्नीचं मत. झाडं उपटून जाळण्याचा मोह मी अनेक घरमालकांत पाहिला आहे. त्यात तीन खड्डे आहेत. झाडं हातात घेतली की ताबा तुमचा. पुरावा नाहीसा केला की भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ तुमच्या मागे. आणि ते दोन तरुण कुठे तरी दुसऱ्या प्रकरणात सापडले आणि म्हणाले, मागच्या मालकाला सगळं ठाऊक होतं, तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही. त्यापेक्षा पोतं आहे तिथे, आहे तसं ठेवा. आळ्यात पसरलेला जुना पाला उचलू नका. खोलीच्या दारालाही हात लावू नका. भाडेकरूंशी नेहमीसारखं बोला किंवा बोलूच नका. एवढंच मी सांगितलं.

माहिती लेखी द्यायची ठरली. पोलिस ठाणं की थेट गोवा पोलिसांचा अमली पदार्थ विरोधी विभाग, यावर थोडी चर्चा झाली. दोन्ही चालतं. गुरुजींना ठाण्यातले लोक ओळखीचे, म्हणून ठाणं. अर्ज एका पानाचा: घराचा तपशील, कराराची प्रत, भाडेकरूंच्या कागदपत्रांच्या प्रती, पोतं कधी आणि कोणाला दिसलं, पहिलं पोतं कुठे गेलं, कोणी काय ओळखलं. पहिल्या पोत्याची गोष्ट लिहावी की नाही, यावर गुरुजी अडखळले. कामाला येणारी बाई अडकेल ही त्यांना भीती. मी लिहायला लावलं. आळ्यात पाला आहे, तो पोलिसांना दिसणारच. आधी सांगितलं तर ती साक्षीदार, मागाहून सापडलं तर संशयित. अर्जाच्या प्रतीवर पोच, तारीख आणि वेळ घेतली. वेळ महत्त्वाची. ज्ञान कधी झालं आणि कळवलं कधी, या दोन वेळांमधलं अंतर हाच गुरुजींचा बचाव होता. ते अंतर एका रात्रीचं होतं.

यापुढे पोलिसांचं काम. कलम ४२ प्रमाणे मिळालेली माहिती लिहून घ्यायची आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची. सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय बंद जागेत शिरता येतं, रात्री शिरायचं तर कारणं लिहून ठेवावी लागतात. या नोंदींत एक चूक झाली की खटला ढासळतो हे पोलिसांनाही माहीत आहे. छापा दुसऱ्या दिवशी दुपारी पडला. खोलीत काळ्या कापडाचे दोन तंबू, वर दिवे, पंखे, टायमर, कुंड्यांमध्ये झाडं. खालून गुडघ्याएवढी सगळी उघडी केलेली, वर दाट माथा. भाचा म्हणाला तसंच. टायमर बारा तासांचा लावलेला. कॅनाबिसला रात्र लांब झाली की फुलोरा येतो, म्हणून उजेड आणि अंधार बारा-बारा तासांचा ठेवतात. टायमरही पंचनाम्यात गेला, कारण फुलोरा आणायचा हेतू त्यातून दिसतो.

पंचनाम्यात मला एक गोष्ट मनापासून आवडली. तपास अधिकारी अनुभवी होते. त्यांनी झाडं, पोत्यातली सुटी पानं आणि पोत्यातल्या गुच्छासकट फांद्या असे तीन वेगळे मुद्देमाल केले, वेगळे तोलले, वेगळे सील केले. पोतं एकत्र तोलून 'इतके किलो गांजा' असं लिहिलं असतं तर वर्तमानपत्रातली बातमी मोठी झाली असती आणि कोर्टात बचाव पक्षाला आयती फट मिळाली असती. ओल्या पाल्याचं वजन हे बहुतांशी पाण्याचंच, वाळल्यावर त्यातलं फारसं उरत नाही. नमुने घटनास्थळी काढले नाहीत. कलम ५२अ आणि २०२२ चे जप्ती, साठवण, नमुने व विल्हेवाटीचे नियम यांप्रमाणे ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे, दोन प्रतींत, गांजा असेल तर प्रत्येक नमुना किमान २४ ग्रॅमचा. पोत्यातले गुच्छ एवढे भरतील का, याचीच तिथे थोडी काळजी होती. भरले, जेमतेम.

दोघांवर लागवडीचा गुन्हा नोंदला गेला. जामिनाच्या वेळी सरकारी बाजूने प्रमाणाचा मुद्दा निघाला, पण कलम ३७ ची कडक अट व्यापारी प्रमाणाला आणि काही ठरावीक कलमांना लागते. इथे तेवढं वजन नव्हतं. त्यापुढचं त्यांचे वकील बघतील. औषधी वापराचा मुद्दाही त्यांच्याकडून निघाल्याचं कळलं. त्यात दम नाही. परवान्याने लागवडीची तरतूद कायद्यात आहे: कलम १० खाली राज्य सरकार परवानगी देऊ शकतं, कलम १४ खाली तंतू, बी किंवा बागायती हेतूसाठी. उत्तराखंडने औद्योगिक हेंपसाठी, म्हणजे तंतूंसाठी वाढवलेल्या कॅनाबिससाठी, तसं केलंही, तिथे टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत हवा. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीच्या प्रस्तावावर बरीच चर्चा झाली, विधानसभेबाहेर आणि चहाच्या टपरीवरही, पण त्यातून कोणाला घरात तंबू लावायचा हक्क मिळालेला नाही. 'गोव्यात चालतं' हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. कलम काढून समोर ठेवतो.

गुरुजींना आरोपी केलं नाही. ते, भाचा, कामाला येणारी बाई आणि पंच हे चौघे सरकारी साक्षीदार झाले. एजंटाकडे राहिलेला पडताळणीचा फॉर्म मात्र दुखणं ठरला. त्यावर ठाण्यात गुरुजींना बरंच ऐकून घ्यावं लागलं. फॉर्म स्वतः नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची, हे मी आता प्रत्येक घरमालकाला करार करतानाच सांगतो. एजंटाच्या हवाली करायचा नाही.

खोली सील झाली, आणि इथे घरमालकाचा खरा आर्थिक त्रास सुरू होतो, ज्याबद्दल कायद्याच्या पुस्तकात फारसं नसतं. कलम ६० प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली साधनं सरकारजमा होऊ शकतात. दिवे, तंबू, पंखे भाडेकरूंचे, त्यांचं गुरुजींना काय. पण एसी गुरुजींचा, खोलीसोबत दिलेला, करारात लिहिलेला. तो मुद्देमालाच्या यादीत गेला. मालकी दाखवून तो आणि खोलीचा ताबा परत मिळावा असा अर्ज आम्ही कोर्टात केला. सोबत एसीची पावती, करारातली यादी, आणि पोच असलेल्या त्या अर्जाची प्रत. खोलीची छायाचित्रं आणि मोजमापं नोंदवून ती खुली करायला सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. एसी यादीत अजून आहे.

नवा करार आम्ही बदलून घेतला. मालकाने चोवीस तास आधी कळवून खोलीची पाहणी करण्याचा हक्क, मीटरच्या युनिटांची मर्यादा आणि ती ओलांडली तर खुलासा, भिंतीला भोक पाडायला बंदी, आणि एनडीपीएसखालचा कुठलाही गुन्हा दिसला की करार तिथल्या तिथे संपल्याचं कलम. युनिटांची मर्यादा गुरुजींना फार आवडली. आता ते दर महिन्याला मीटर वाचतात आणि वहीत लिहून ठेवतात.

माडाच्या आळ्यातला जुना पाला पोलिसांनी पंचनाम्यात नोंदवून थोडा उचलला, बाकीचा तिथेच कुजला. जुन्या भाडेकरूंचं शेवटच्या महिन्याचं वीज बिल न भरताच राहिलं होतं. मीटर गुरुजींच्या नावावर असल्याने ते त्यांनी डिपॉझिटमधून वळतं केलं, आणि उरलेली रक्कम कोणाला परत द्यायची हा प्रश्न त्यांनी मागच्या आठवड्यात मला विचारला. करारातल्या नावाने, बँक खात्यात, पावती ठेवून, असं मी सांगितलं आहे.